शेरा लिहिण्याआधी : सगळ्या शिक्षकांना एका आईचं खुलं पत्र

नमस्कार सर, मॅडम, बाई, गुरुजी,

हे पत्र मी फोनला बोलून टाईप केलंय आणि मग फोनकडूनच दोनदा वाचून घेतलंय, त्यामुळे कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल किंवा वाक्य लांबलं असेल तर समजून घ्या. मला वाचायला आणि लिहायला त्रास होतो हे मला पहिली-दुसरीपासून माहीत होतं, पण त्या त्रासाला नाव आहे हे मला वयाच्या ३८ व्या वर्षी कळलं, तेही माझ्यासाठी नाही तर माझ्या मुलासाठी टेस्टिंगला गेले होते तेव्हा.

मुलगा तिसरीत होता. त्याच्या प्रगतीपुस्तकात शेरा आला, "हुशार आहे पण आळशी आहे." पाच शब्द. मी ते वाचले आणि हातच गार पडले, कारण हेच पाच शब्द माझ्या प्रगतीपुस्तकात होते, जवळपास तीस वर्षांपूर्वी, वेगळी शाळा, वेगळ्या बाई, वेगळं अक्षर, आणि शेरा मात्र तोच. त्या तीस वर्षांत मेंदूचे फोटो काढायची मशिन्स आली, व्याख्या कितीतरी वेळा बदलल्या, जाडजूड पुस्तकं नव्याने लिहिली गेली, आणि वर्गात पोरगं पुस्तक हातात घेऊन अडखळलं की त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं ते तिथेच आहे.

म्हणून हे पत्र डॉक्टरांना नाही, सरकारला पण नाही, तुम्हाला लिहितेय. आपण सगळे समजतो की लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे मराठीत अध्ययन अक्षमता, थोडक्यात एलडी, म्हणजे काय हे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ ठरवतात. कागदावर ते खरंय. पण मूल त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत तीन-चार वर्षं गेलेली असतात आणि तोपर्यंत त्याची व्याख्या करून झालेली असते, वर्गात, लाल पेनने. आळशी, धांदरट, लक्ष नाही, मनावर घेत नाही. मुलाला स्वतःची ओळख त्यातूनच होते. पुढे कितीही मोठ्या माणसाने रिपोर्ट लिहिला तरी तो त्या पहिल्या व्याख्येच्या वर चिकटवलेला कागद असतो, खालचं दिसतच राहतं.

आधी शब्दांचा गोंधळ सांगते, कारण मी स्वतः त्यात सहा महिने फिरले. स्टाफरूममध्ये "तो एलडी आहे" असं म्हणतात, आणि त्याच दमात "स्लो लर्नर आहे" पण म्हणतात, आणि नातेवाईक त्याचा अर्थ "मतिमंद आहे का हो" असा घेतात. ह्या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बौद्धिक अक्षमता असते तेव्हा समजणं, विचार करणं, रोजचे व्यवहार सांभाळणं, सगळ्यावरच परिणाम असतो. स्लो लर्नर ज्याला म्हणतात त्या मुलाची गती सगळ्याच विषयात थोडी कमी असते. आणि अध्ययन अक्षमता म्हणजे एका ठराविक जागी अडकणं, वाचन किंवा लेखन किंवा गणित, कधी दोन, कधी तिन्ही, पण बाकीचं डोकं आपलं काम व्यवस्थित करत असतं. म्हणून तर इंग्रजीत त्याच्या आधी स्पेसिफिक हा शब्द लावतात आणि आपण मराठीत बोलताना नेमका तोच गाळतो. त्यात आणि इंटरनेटवर शोधायला गेलं तर ब्रिटनमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी हाच शब्द बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात, डिस्लेक्सियाला, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेला, ते लर्निंग डिफिकल्टी म्हणतात, आणि अमेरिकेत मात्र त्यालाच लर्निंग डिसॅबिलिटी म्हणतात. मी एका रात्री तीन ब्रिटिश व्हिडिओ बघून रडत बसले होते आणि ते माझ्या मुलाबद्दल नव्हतेच. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, ते पण ह्यात मिसळून टाकतात. ते बऱ्याचदा सोबत असतं हे खरंय, पण ते वेगळं आहे, लक्ष टिकत नाही म्हणून वाचता न येणं आणि वाचता येत नाही म्हणून लक्ष उडणं हे वर्गात बाहेरून अगदी सारखं दिसतं.

आता एक गोष्ट सांगते, जी मला कळली तेव्हा वाटलं की ही प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला पाहिजे. १८९६ साली इंग्लंडमध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलाचं नाव पर्सी. सात वर्षांचा असल्यापासून शाळा, शिकवण्या सगळं चालू होतं, डोळे चांगले, खेळात तरबेज, पण अगदी सोप्या शब्दांपलीकडचं वाचता यायचं नाही. स्वतःचं नाव लिहितानासुद्धा त्याने अक्षरांची अदलाबदल केली, पर्सीचं प्रेसी केलं, आणि लक्षात आणून दिलं तरी एका झटक्यात त्याला ती चूक दिसली नाही. आणि हाच मुलगा आकडे सहज वाचायचा, बीजगणित सोडवायचा. जन्मजात वाचन-अक्षमतेच्या अगदी पहिल्या वर्णनांपैकी हे एक मानतात. पण मला त्यातलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते डॉक्टरांचं नाही, त्याच्या मास्तरांचं वाक्य. मास्तर म्हणाले होते की शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता.

बघा म्हणजे, त्या मास्तरांकडे टेस्ट नव्हती, कोर्स केलेला नव्हता, डिस्लेक्सिया हा शब्द सुद्धा त्यांनी ऐकला असेल असं वाटत नाही. जर्मनीतल्या बर्लिन आडनावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो शब्द १८८० च्या दशकात काढला होता खरा, पण तो मोठ्या माणसांसाठी, मेंदूला इजा होऊन ज्यांचं वाचन गेलं त्यांच्यासाठी. मास्तरांकडे फक्त एक गोष्ट होती, त्यांनी काही वर्षं त्या मुलाकडे नीट बघितलं होतं आणि काय दिसलं ते सांगितलं. ऐकून येतं, वाचून येत नाही. ह्या एका निरीक्षणाने डॉक्टरांना दिशा मिळाली असणार. "आळशी आहे" असं सांगितलं असतं तर त्या डॉक्टरांनी काय लिहिलं असतं?

त्यानंतर व्याख्या कशा बदलत गेल्या ते फार लांबवत नाही, पण थोडं सांगायला हवं, कारण त्यातल्या जुन्या झालेल्या कल्पना अजून वर्गात जिवंत आहेत. १९२५ च्या सुमाराला अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन नावाच्या डॉक्टरांना वाटलं की ह्या मुलांना अक्षरं उलटी दिसतात, मेंदूच्या दोन बाजूंचं जुळत नाही म्हणून. ही कल्पना इतकी पक्की बसली की आजही कुणाला विचारा डिस्लेक्सिया म्हणजे काय, तर उत्तर येतं अक्षरं उलटी दिसणं, अक्षरं नाचणं. पण १९७० च्या दशकात वेल्युटिनो नावाच्या संशोधकांनी एक साधा आणि सुंदर प्रयोग केला. हिब्रू लिपी अजिबात न येणारी मुलं घेतली, काही चांगली वाचणारी, काही अडखळणारी, आणि त्यांना हिब्रू शब्द दाखवून नंतर आठवून काढायला लावले. दोन्ही गटांनी सारखेच काढले. म्हणजे डोळ्यांना आकार नीट दिसत होता, लक्षातही राहत होता. अडचण होती ती त्या आकाराला आवाज जोडण्यात. माझ्या मुलाला "नीट बघ, नीट बघ" असं जेव्हा जेव्हा सांगितलं गेलं, मी पण सांगितलंय, तेव्हा तो नीटच बघत होता.

लर्निंग डिसॅबिलिटी हा शब्द प्रचारात आणला सॅम्युअल कर्क ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी, १९६२-६३ मध्ये, शिकागोला पालकांचीच एक परिषद भरली होती तिथे त्यांनी तो मांडला आणि पालकांनी उचलला. मला ह्याचं फार वाटतं की हा शब्द पालकांना हवा होता. कारण तोपर्यंत मुलांना जी नावं होती त्यात मेंदूला इजा झालेली असली काहीतरी भयंकर नावं होती, आणि आईबापांना एक असं नाव हवं होतं जे घेऊन शाळेच्या दारात उभं राहता येईल. पण त्या व्याख्येचा अर्धा भाग "हे काय नाही" असा होता. मतिमंदत्व नाही, बहिरेपणा नाही, आंधळेपणा नाही, शिकवण्याचा अभाव नाही. एखाद्या माणसाची ओळख करून देताना तो कोण कोण नाही एवढंच सांगायचं, असं काहीतरी. त्यातून पोकळी राहिली आणि ती भरायला आकडा आला.

तो आकडा म्हणजे बुद्ध्यांक. अमेरिकेत १९७५ ला अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि १९७७ च्या नियमांमध्ये असं आलं की मुलाची बुद्धी आणि त्याची शाळेतली कामगिरी ह्यात मोठी तफावत असेल तर ती अध्ययन अक्षमता. ऐकायला बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण विचार करा, पहिलीतल्या मुलाची तफावत मोठी कशी असेल, त्याला तर अजून फारसं काही यायचंच नाहीये. तफावत दिसण्याइतकी वाढायला तिसरी-चौथी उजाडावी लागते. म्हणजे मदत हवी असेल तर आधी पुरेसं नापास होऊन दाखव, अशी ती व्याख्या होती. आणि दुसरं, ज्या मुलाचा बुद्ध्यांक साधारणच आहे आणि वाचन पण येत नाही त्याला ती म्हणायची, तुझी तफावत नाही, तू जा. नंतर संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या मुलांना शेजारी बसवून तपासलं तर आवाज वेगळे करण्यातली अडचण दोघांना सारखीच निघाली. शेवटी २००४ मध्ये अमेरिकेच्या कायद्याने तफावतीची सक्ती काढली आणि २०१३ मध्ये जे मानसिक विकारांचं नवं मॅन्युअल आलं, डीएसएम-५, त्यातूनही ती गेली. आता तिथे असं आहे की वयाच्या मानाने वाचन, लेखन किंवा गणित बरंच मागे हवं, नेमकी मदत देऊनही निदान सहा महिने ते टिकलेलं हवं, आणि दुसऱ्या कशाने ते समजावता येत नसावं. शाळकरी वयात ५ ते १५ टक्के मुलांना हे असतं असं तेच मॅन्युअल म्हणतं. चाळीसच्या वर्गात हिशोब केला तर दोन ते सहा मुलं होतात. तुमच्या वर्गात, आत्ता.

"नेमकी मदत देऊनही" हे शब्द तुमच्यासाठी आहेत, डॉक्टरांसाठी नाहीत. ती मदत कोण देणार आणि दिल्यावर काय झालं हे कोण सांगणार, तर वर्गातला माणूस. म्हणजे आजची व्याख्या तुमच्या नोंदीशिवाय पूर्णच होत नाही.

आता वर्गात आतून काय होतं ते सांगते. प्रकट वाचन. ओळीने एकेक परिच्छेद वाचायचा. मी चौथीत होते. पहिल्या मुलीने सुरुवात केली की मी डोकी मोजायचे, मग परिच्छेद मोजायचे, मग माझ्या वाट्याला येणाऱ्यावर बोट ठेवायचे आणि शेजारच्या मैत्रिणीला हळूच म्हणायचे हा वाचून दाखव. ती कुजबुजत वाचायची, मी एकदा ऐकून पाठ करायचे. पाठांतर माझं पहिल्यापासून जबरदस्त होतं, ते असायलाच लागतं. पुढच्या मुली काय वाचतायत त्यातलं मला एक अक्षर कळायचं नाही, कानात नुसता माझाच परिच्छेद. एक दिवस बाईंनी मध्येच एका मुलीला म्हटलं, तू छोटासाच परिच्छेद वाचलास, पुढचा पण तूच वाच. आणि माझी मोजणी एकाने सरकली. माझी पाळी आली, मी उभी राहिले आणि खडखडीत आवाजात, एकही चूक न करता, आत्ताच वाचून झालेला परिच्छेद परत म्हटला. सगळा वर्ग हसला. बाईंना वाटलं मी चेष्टा करतेय. मला तास संपेपर्यंत उभं केलं आणि प्रगतीपुस्तकात त्या वर्षी उद्धटपणाबद्दल पण शेरा आला. त्या बाईंचा मला आज राग नाही, खरंच नाही, त्यांना जे दिसलं त्याचा त्यांनी एकच अर्थ काढला कारण दुसरा अर्थ असू शकतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आपल्या लिपीबद्दल पण बोलायला पाहिजे. लोक म्हणतात मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, मग डिस्लेक्सिया कसला, तो इंग्रजीवाल्यांचा आजार. इंग्रजीत स्पेलिंग बेभरवशाचं आहे म्हणून तिथे अडचण लवकर आणि जोरात दिसते हे खरंय. १९९९ मध्ये एका मुलाबद्दल प्रसिद्ध झालं होतं, जपानमध्ये वाढलेला, घरी इंग्रजी, आणि त्याला इंग्रजी वाचताना पक्का डिस्लेक्सिया, जपानी मात्र अगदी व्यवस्थित वाचायचा. पण २००१ मध्ये इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सियावाल्या मोठ्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढले तर इटालियन लोकांचं वाचन तुलनेने बरं होतं, कारण त्यांचं स्पेलिंग सरळ, तरी मेंदूच्या डाव्या बाजूला तीच जागा तिघांचीही कमी काम करत होती. म्हणजे मूळ एकच, लिपीप्रमाणे ते कमीजास्त दिसतं.

आणि देवनागरी सरळ आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा माझ्या मुलाच्या शेजारी बसून "कर्म" आणि "क्रम" वाचून घ्यावं. कर्म म्हणताना र आधी येतो आणि म नंतर, पण लिहिताना तो र रफार होऊन म च्या डोक्यावर जाऊन बसतो. क्रम मध्ये तोच र क च्या पायात. कि म्हणताना क आधी आणि इ नंतर, कागदावर मात्र वेलांटी आधी काढायची. मग घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. ही अक्षरं सगळीच मुलं सुरुवातीला चुकतात, त्यात काही नाही. फरक एवढाच की इतरांचं वर्षभरात सुटतं आणि ह्याचं सुटत नाही, सोमवारी आलेलं जोडाक्षर बुधवारी परत परकं होतं. तो समुद्र ला सुमद्र वाचतो, मग पुढच्या ओळीत बरोबर वाचतो, मग परत सुमद्र. आणि तिथेच तुम्ही फसता, कारण एकदा बरोबर वाचलं म्हणजे येतंय, म्हणजे मुद्दाम करतोय. हे असं आज येणं उद्या न येणं हेच ह्या प्रकाराचं लक्षण आहे हे मला कुणीतरी आधी सांगितलं असतं तर मी त्याच्यावर इतकी ओरडले नसते.

टेस्टिंगच्या दिवशीचं सांगते. डोळे, कान तपासून झाले होते. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी त्याला आधी नेहमीच्या शब्दांची यादी दिली, मग एक दुसरी यादी दिली, त्यात काही अर्थच नसलेले शब्द होते, तिबळू, घोनट, मर्सुप असले काहीतरी, हे मी आता आठवेल तसे सांगतेय. अर्थ नसलेले का, तर ओळखीचा शब्द माणूस आकारावरून, अंदाजाने काढून टाकतो, बिनअर्थाच्या शब्दाला अंदाज नाही, तिथे अक्षर ते आवाज असाच रस्ता चालावा लागतो. मुलगा पहिल्याच शब्दाला थांबला. मी मागे खुर्चीत बसले होते, कागद मला दिसत होता, आणि मी मनात वाचायला लागले आणि मलाही येईना. ३८ वर्षांची बाई, नोकरी करणारी, घरी पेपर येतो तो चाळणारी, आणि तीन अक्षरांचा शब्द समोर असून तोंडात येत नाही. मला घाम फुटला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "तुम्हालाही होतंय का?" हे घराण्यात उतरतं, आईला किंवा वडिलांना असलं तर मुलाला असण्याची शक्यता खूप वाढते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण तो प्रश्न. इतक्या वर्षांत मला तो पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता.

मग माझं शाळेत कसं कुणाला कळलं नाही? कारण मी गप्प मुलगी होते. १९९० मध्ये अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या मुलांचा एक अभ्यास आला होता, शेविट्झ वगैरेंचा. शाळांनी स्वतःहून वाचन-अक्षमता म्हणून जी मुलं निवडली होती त्यात मुलगे मुलींपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि संशोधकांनी सगळ्यांची सरसकट टेस्ट घेतली तर मुलगे-मुली जवळपास सारखेच निघाले. शाळांना मुलगे का दिसले, तर ते दंगा करतात, उठून फिरतात, तुमचा तास बिघडवतात. आमच्यासारख्या मुली पाठ करतात, सुंदर मुखपृष्ठ करतात, दुसरीची वही उतरवून घेतात आणि मागच्या बाकावर बसून कुणाला त्रास होणार नाही ह्याची काळजी घेतात. जिच्याबद्दल तुमची काहीच तक्रार नाही तिच्याकडे पण एकदा बघा, एवढंच म्हणते.

गणिताचं वेगळं पत्र होईल. डिस्कॅल्क्युलिया म्हणजे पाढे पाठ नसणं नाही, तीन ठिपके बघितल्यावर न मोजता तीन आहेत हे जे आपल्याला दिसतं तेच बऱ्याचदा मुळात कच्चं असणं, त्यामुळे आठ आणि पाच ह्यात मोठा कोण हेसुद्धा प्रत्येक वेळी नव्याने शोधावं लागतं. अशा मुलाला पाढे शंभर वेळा लिहायला लावून काय मिळणार.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कदाचित काहींना आवडणार नाही. डिस्लेक्सियाबद्दल कार्यक्रम असला की भिंतीवर आईनस्टाईनचं पोस्टर लागतं. आईनस्टाईनला डिस्लेक्सिया होता ह्याचा पक्का पुरावा नाही, आणि असता तरी काय? चांगल्या भावनेने करतात हे मला कळतं. पण माझा मुलगा घरी येऊन म्हणाला, "आई, माझ्यात कुठली खास गोष्ट आहे, मला तर चित्र पण येत नाही." म्हणजे एक ओझं होतंच, वर हे दुसरं. त्याला मदत मिळायला पाहिजे ती तो पुढे कुणीतरी मोठा होणार म्हणून नाही, तो आज वर्गात बसलेला आहे म्हणून.

जादा वेळ, लेखनिक, प्रश्न वाचून दाखवणं, ह्यावर स्टाफरूममध्ये जी कुरबूर असते ती पण मी ऐकली आहे. बाकीच्यांवर अन्याय होतो, पालक मार्कांसाठी सर्टिफिकेट काढतात. काढत असतील काही. पण इतिहासाच्या पेपरात तुम्हाला इतिहास तपासायचा आहे ना? मग जो मुलगा तोंडी विचारलं तर सगळं सांगतो त्याचा इतिहास त्याच्या जोडाक्षरांवरून का मोजायचा. त्याला वेळ जास्त दिला म्हणून उत्तर येतं असं नाही, उत्तर आधीच येत असतं, ते कागदापर्यंत पोचायला वेळ लागतो. आणि घरी येऊन हा मुलगा इतका दमलेला असतो की बूट न काढता झोपतो, कारण जे वाचन इतरांचं आपोआप होतं ते तो दिवसभर अक्षर अक्षर ओढून करत असतो. आळशी मुलं अशी दमत नाहीत हो.

मला माहितीये तुमच्यावर किती काम आहे. एकेका वर्गात इतकी मुलं, माहिती भरा, फॉर्म भरा, त्यात हे. म्हणून मी तुम्हाला निदान करायला सांगत नाहीये, ते तुमचं काम नाही आणि तुम्ही "हा एलडी आहे" असं लिहून टाकलंत तर तेही मला नकोय, कारण ते पण बघायच्या आधीच ठरवणं झालं. मी फक्त शेरा बदलायला सांगतेय. काय आहे ते ठरवू नका, काय दिसलं ते लिहा. "आळशी" च्या जागी "धडा ऐकून सगळी उत्तरं देतो, स्वतः वाचताना जोडाक्षराला थांबतो." "निष्काळजी" च्या जागी "फळ्यावरचं उतरवताना दर दोन अक्षरांनी वर बघतो, ओळ हरवते." "अक्षर गचाळ" च्या जागी "पहिल्या चार ओळी बऱ्या, नंतर हात दुखतो म्हणतो." "मनावर घेत नाही" च्या जागी "महिनाभर रोज दहा मिनिटं वेगळं बसवून घेतलं, जोडाक्षरं अजून सुटत नाहीत." एवढं लिहायला फार तर एक मिनिट जास्त लागेल. पण असा शेरा घेऊन आई मानसशास्त्रज्ञांकडे गेली तर त्यांना अर्धं काम झालेलं मिळतं, आणि "आळशी" घेऊन आई घरी जाते आणि मुलाला मारते. मी मारलंय. ते मला विसरता येत नाही.

आणि मुलाला विचारा. सगळ्यांसमोर नाही, मधल्या सुट्टीत, बाजूला घेऊन. वाचताना काय होतं रे तुला? माझ्या मुलाला मी हे टेस्टिंगच्या नंतर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मी एक शब्द धरला की मागचा सुटतो." आठ वर्षांच्या मुलाने केलेली ही व्याख्या मला त्या सगळ्या मॅन्युअलपेक्षा जास्त कळली.

आता तो पाचवीत आहे. अजून हळू वाचतो, पुढेही हळूच वाचेल, हे जात नाही हे आम्ही दोघांनी एकमेकांना सांगून टाकलंय. त्याच्या ह्या वर्षीच्या सरांनी पहिल्या महिन्यातच मला चिठ्ठी पाठवली, त्यात लिहिलं होतं की तो गोष्ट ऐकताना पुढे काय होणार ते आधीच ओळखतो पण पुस्तक उघडलं की खाली बघतो, तर ह्याच्यासाठी मी काय करू. मी ती चिठ्ठी जपून ठेवलीये. फोनला न देता, स्वतः, अक्षर अक्षर लावत वाचली.

उद्या तुमच्या वर्गात प्रकट वाचन असेल तर वाचणाऱ्याकडे कान असू द्या पण नजर मागच्या बाकांवर ठेवा. तिथे कुणीतरी ओठ हलवत, पुस्तकात बोट ठेवून पुढचे परिच्छेद मोजत असेल. त्या मुलाला किंवा मुलीला उद्या वाचायला उठवू नका, तास संपल्यावर जवळ बोलवा.

तुमची,
मागच्या बाकावर बसणारी एक जुनी विद्यार्थिनी, आणि एका पाचवीतल्या मुलाची आई